फाटकावरची मांडणी

यमुनाबाईंच्या घरी हळद जोरात रंगली होती. अश्लेषा पाटावर बसली होती, पण नवरीपेक्षा पाहुण्यांनाच जास्त हळद लागली होती. मावश्या, आत्या, शेजारणी, सगळ्या कपाळापासून कोपरापर्यंत पिवळ्या. नवरीचा भाऊ सुमेध तर ओळखूही येत नव्हता. तेवढ्यात मोरीतून मोठ्या मावशीचा आवाज आला, "अगं यमे, नळाला पाणी नाही!"

"येतोय टँकर," सुमेध रुबाबात म्हणाला. "आजपासून फाटकावर माझा प्रोग्राम आहे. सगळं कसं शिस्तीत."

सुमेध मनवेलपाड्यात प्रोग्रामिंगचा क्लास चालवायचा. सोसायटीच्या सेक्रेटरी विनिताताईंना त्याने फाटकासाठी हा प्रोग्राम हौसेने करून दिला होता. कोण आलंय ते मोबाइल नंबरसकट वॉचमनने टाइप करायचं, मग दोनपैकी एक बटण दाबायचं. डावीकडे 'परत पाठवा', उजवीकडे 'आत सोडा'. बटण दाबलं की आलेल्या माणसाच्या मोबाइलवर तसा मेसेज जायचा. मेसेजशिवाय कुणालाही आत घ्यायचं नाही, असा विनिताताईंचा हुकूमच होता.

आता क्लासमध्ये सुमेध सर घसा फोडून सांगायचे, की बटणांच्या जागा आपण ठरवायच्या नाहीत, ते काम लेआउट मॅनेजर नावाच्या तयार कोडवर सोडायचं. स्क्रीन लहान असली तर तो सगळ्या बटणांना सरकवून, दाटीवाटीने का होईना, आत बसवतो. पण घरात लग्नाची घाई. लेआउट मॅनेजरशी हुज्जत घालायला वेळ कुणाला होता? सरांनी आपल्या ऐसपैस लॅपटॉपवर नजरेनेच अंदाज घेतला आणि एकेक बटण भिंतीत खिळा ठोकावा तसं ठोकून दिलं. सकाळी वॉचमनच्या केबिनमधल्या जुन्या, अरुंद मॉनिटरवर प्रोग्राम चालू केला, आणि वरून हळदीसाठी हाका आल्या म्हणून न बघताच पळाले.

मोबाइल वाजला. सुमेधचे हात बरबटलेले, म्हणून आईने तो त्याच्या कानाला लावला.

"सर, शत्रुघ्न बोलतो, गेटवरून. पान्याचा टँकर आलाय. पन बटन एकच दिसतं, 'परत पाठवा'चं."

"शत्रुघ्नकाका, तुम्ही डोकं लावू नका. स्क्रीनवर जे दिसतंय ते दाबा."

"नक्की दाबू ना?"

"अहो, मी शिकवतो हे लोकांना!"

शत्रुघ्नकाकांनी दाबलं.

हळद वाळायला लागली. मावश्यांचे चेहरे इतके ताणले गेले की कुणाला धड हसता येईना. फोटोग्राफर 'स्माइल' म्हणाला, तर आत्या त्याच्यावर डाफरली. मग डोक्याला शाम्पूचा फेस आणि खांद्यावर टॉवेल अशा अवतारात खुद्द विनिताताई दारात उभ्या राहिल्या.

"सुमेध, टँकर कुठाय? मला नीट डोळे पण उघडता येत नाहीयेत!"

सुमेध तसाच पिवळाधमक खाली धावला, मागोमाग विनिताताई, त्यांच्यामागे अर्धी वरात. केबिनमध्ये शिरून त्याने स्क्रीन पाहिली. 'आत सोडा' मॉनिटरच्या उजव्या कडेबाहेर, पार हद्दपार झालं होतं.

टँकर मात्र दिसला, पलीकडच्या सोसायटीत. शेवटचे थेंब टाकीत सोडून ड्रायव्हर सॅमी पाइप गुंडाळत होता.

"सॅमी, अरे पाणी आमचं होतं!" सुमेध मधल्या बुटक्या भिंतीवरून ओरडला.

"तुम्हीच मेसेज केला ना? 'आपल्याला प्रवेश नाही. धन्यवाद.' हे लोक सकाळपासून मागत होते, मग यांना दिलं."

सॅमीच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीने या पिवळ्या माणसाकडे निरखून पाहिलं. "सुमेध सर? तुम्ही?"

ती रोशनी होती, गेल्या वर्षी क्लासला येणारी. तिने फार चौकशी केली नाही. आपल्या टाकीत पंप लावला, पाइप भिंतीवरून अलीकडे टाकला आणि पाणी यमुनाबाईंनी खाली आणवलेल्या ड्रममध्ये पडायला लागलं. मग भिंतीपाशी येऊन विचारलं, "पण झालं काय?"

"मॉनिटर जुना आहे गं," सुमेध म्हणाला. मागे सगळी सोसायटी कान टवकारून उभी होती.

"मॉनिटरचं काय? लेआउट मॅनेजर आहे ना?"

सुमेध नखातली हळद खरवडायला लागला.

"सर... नाही लावला?"

"घाईत होतो."

"मी पण घाईतच होते," रोशनी हळूच म्हणाली. "ह्याच चुकीला तुम्ही मला नापास केलंत. सगळ्यांसमोर म्हणालात, एवढं जमत नसेल तर घरी बसून पापड लाट. मग मी क्लासच सोडला."

यमुनाबाईंनी लेकाकडे असं पाहिलं, की त्याला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. आपण ते बोललो तेव्हा वर्ग खळखळून हसला होता, आणि आपल्यालाही फार मजा वाटली होती, हे त्याला लख्ख आठवलं. हळदीखाली त्याचे कान तापले.

"रोशनी, माझं चुकलं," तो म्हणाला. "आज चुकलं. आणि त्या दिवशी तर फारच चुकलं. तू परत ये क्लासला."

रोशनी नुसतीच खाली बघत राहिली. तिचे डोळे भरून आले असावेत असं वाटून सुमेधला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सुमेध!" ड्रमपाशी उभी असलेली मोठी मावशी किंचाळली. "पाणी का रे थांबलं?"

"सर," रोशनी खालीच बघत म्हणाली, "पाइपवरून पाय काढा."