टिपणीसची एंट्री

२०२४ साली मी शहात्तर वर्षांचा होतो. अमेरिकेत चँडलर म्हणून गाव आहे, चारी बाजूंना वाळवंट, तिथं मुलाकडे राहत होतो. आणि त्या वाळवंटात माझ्या शेजारचा माणूस, टिपणीस, रोज सकाळी उठून समुद्राची तब्येत विचारायचा.

फोनवर विचारायचा, स्पीकर लावून. आमच्या दोघांच्या परसांमध्ये माणूसभर उंच सिमेंटची भिंत आहे. पण मी पालथ्या बादलीवर उभा राहतो, म्हणजे दिसतं. चोरून ऐकायची मला सवय नाही. कानावर पडतं ते ऐकतो.

"गुड मॉर्निंग, मारिया! हाऊ इज द एंट्री टुडे?"

ही मारिया म्हणजे तिकडे कॅरिबियन समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटावरची दुकानवाली. पाण्यात बुडी मारणाऱ्यांना ती सिलिंडर भाड्यानं देते. टिपणीस तिला मासे किती आहेत ते विचारायचा नाही, ऊन आहे का ते विचारायचा नाही. फक्त एंट्री, म्हणजे काठावरून पाण्यात शिरायची वाट. आजारी मामाच्या घरी फोन करून "आज पेज घेतली का?" विचारावं, तसा जीव टाकून विचारायचा. मारिया काहीतरी सांगायची, आणि हा "ओह नो, ओह नो" करत परसात फेऱ्या मारायचा.

टिपणीस पुण्याचा. चिप बनवणाऱ्या कारखान्यात जन्मभर इंजिनिअर होता, आता रिटायर. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, म्हणून मी त्याला अरेतुरे करतो. त्याला ते आवडत नाही. मला ठाऊक आहे.

मी चौथी शिकलेला. बार्शीला स्वतःचा टेम्पो होता, स्वतःच चालवला, कुणाची नोकरी केली नाही. त्यामुळे मला कुणी शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं, आणि टिपणीसला शिकवल्याशिवाय चहा पचत नाही.

"नाना, लोक बोटीतून जाऊन समुद्रात उडी मारतात. आम्ही तसलं करत नाही. आम्ही किनाऱ्यावरून चालत जातो. पाठीवर सिलिंडर, आणि सरळ चालत पाण्यात. शोअर डायव्हिंग!"

मी म्हणालो, "आमच्याकडं गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेऊन तीन मजले चढणारी पोरं आहेत. त्यांचं कुणी नाव घेत नाही."

"एंट्री महत्त्वाची, नाना! आत शिरता आलं पाहिजे. बाकीचं समुद्र बघतो."

हे वाक्य त्यानं मला इतक्या वेळा ऐकवलंय की माझ्या नातवंडांना ते मराठीतून पाठ आहे, आणि त्यांना दुसरं मराठी येत नाही.

पाण्यात घालायचे रबरी बूट तो सगळीकडे घालायचा. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला आरतीत सगळे अनवाणी, आणि हा झब्बा-पायजम्याखाली काळे रबरी बूट घालून टाळ वाजवतोय. कुणीतरी म्हणालं, "काका, शूज बाहेर काढा ना." तर म्हणे, "हे शूज नाहीत, इक्विपमेंट आहे. पायाला बसवतोय."

माझ्या बोटात पोवळ्याची अंगठी आहे. ती बघून तो पहिल्याच भेटीत दचकला होता. "नाना, तुम्ही जिवंत प्राण्याचं हाड बोटात घालून फिरताय!"

"ज्योतिषानं दिलं तेव्हा मेलेलंच होतं," मी म्हणालो. दोन दिवस बोलला नाही.

त्या उन्हाळ्यात कुठलंसं वादळ त्या बेटाजवळून गेलं. बेटावर आलंसुद्धा नाही म्हणे, लांबून गेलं, पण लाटांनी किनाऱ्यालगतची सगळी पोवळ्याची झाडं मोडून टाकली आणि ते तुकडे काठावर आणून ओतले. टिपणीसनं मंडळाच्या जेवणात मोठ्या टीव्हीवर फोटो लावले. आधीचा, नंतरचा. आधीचा, नंतरचा. लोकांच्या ताटात श्रीखंड, आणि समोर पडद्यावर मोडतोड. एकीनं पुरी तशीच खाली ठेवली.

माझा मुलगा सचिन म्हणाला, "काका, ट्रिप कॅन्सल करा ना यार. नाहीतर दुसऱ्या बेटावर जा. बोटीनं जा. एवढं काय?"

"बोटीनं?" टिपणीसनं असं बघितलं, जसं सचिननं त्याला श्रीखंडात मीठ घाल म्हटलंय. "डिसेंबरचं तिकीट काढलंय. प्लॅन इज प्लॅन."

त्याची बायको शैलावहिनी तिथंच खुर्चीत बसल्या होत्या. दोन्ही गुडघे गेलेले. एक बदलून घेतला, तर तो न बदललेल्यापेक्षा जास्त दुखतो. चार पायांचा वॉकर घेऊन चालतात, त्याच्या पायांना टेनिसचे चेंडू लावलेत. नवऱ्याला कॅप्टन म्हणतात.

"जाऊ दे हो यांना एकट्याला," त्या म्हणाल्या. "मी इथं आठ दिवस सुखानं झोपेन. कॅप्टन, पापड आणताय की पापडाचा प्लॅन करताय?"

सगळे हसले. टिपणीस पापड आणायला गेला. मी त्याच्या मागोमाग जाऊन विचारलं, "पाण्यात एकट्यानं जायचं नाही असा तुम्हा बुडी मारणाऱ्यांचा नियम आहे ना? मग सोबत कोण?"

"आहे एकजण," तो पापडाकडे बघत म्हणाला. "हट्टी आहे."

असेल कुणी गोरा, मी मनात म्हटलं.

दिवाळी पंधरा दिवसांवर आली आणि एक दिवस टिपणीसच्या परसात ट्रकभर दगड येऊन पडले. फुटबॉलएवढे, कलिंगडाएवढे, काही तव्यासारखे चपटे. तो दिवसभर हातात फोन घेऊन दगड लावत होता. एक उचलायचा, फोनकडे बघायचा, परत ठेवायचा.

आता पुण्याचा माणूस, दिवाळी तोंडावर आलेली, परसात दगडांचा ढीग. याचा अर्थ काय काढायचा? मी काढला तोच. मंडळाच्या पोरांसाठी किल्ला! मला तर त्या दिवशी टिपणीसबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं. फक्त त्याला किल्ला बांधता येत नव्हता. बुरूज नाही, दरवाजा नाही, नुसती दगडांची रांगोळी विस्कटलेली.

दुसऱ्या दिवशी तो वहिनींना घेऊन गुडघ्याच्या डॉक्टरकडे गेला. मी बाजूच्या फाटकातून आत शिरलो आणि कामाला लागलो. बार्शीत आमच्या गल्लीत माझ्यासारखा बुरूज कुणी बांधलेला नाही. दोन बुरूज केले, मधे महादरवाजा, वर जायला पायऱ्या. आमच्या परसातली माती आणून लिंपली. घरातली मोहरी पेरली, पाणी शिंपडलं. चार दिवसांत किल्ला हिरवा होणार होता.

टिपणीस आला. फाटकातच उभा राहिला. दोन्ही हात डोक्यावर.

"नाना! हे काय केलंत?"

"किल्ला."

"ती माझी एंट्री होती!"

"काय होती?"

"मारियानं पाठवलेले फोटो बघून एकेक दगड लावला होता! हा इथं नव्हता, तो डावीकडे होता! तो डुगडुगणारा कुठाय?"

"डुगडुगत होता म्हणून तर नीट बसवला."

"अहो, तो डुगडुगायलाच हवा होता!"

असलं वाक्य मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी म्हणालो, "टिपणीस, तुला किल्ला बांधता येत नाही हे कबूल कर आणि मोकळा हो."

वहिनी वॉकरवर रेलून हसत होत्या. "राहू दे हो, कॅप्टन. इतका छान झालाय. वर महाराजांना बसवा."

त्यानं वहिनींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत गेला. डुगडुगणारा दगड त्याला एवढा का हवा होता, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. ज्याला सांगायचं नाही त्याला विचारायला मी काय त्याच्या दारचा गडी आहे?

अख्खी दिवाळी आम्ही बोललो नाही. त्यांच्याकडून फराळाचं ताट आलं, वहिनींनी पाठवलेलं. मी खाल्लं. चकलीशी माझं भांडण नव्हतं. पलीकडे मोहरी उगवली होती ती त्यानं उपटली, माझे दोन्ही बुरूज उतरवले आणि दगड परत विस्कटले. सगळं बादलीवरून बघितलं. हाक मारली नाही.

मग दिवाळीनंतर एकदा, ऊन उतरता उतरता, आमची सून वहिनींना गाडीतून भजनाला घेऊन गेली. टिपणीस घरी एकटा. मी बादलीवर चढलो.

तो रबरी बूट घालून दगडांच्या काठाशी उभा होता. पाठ दगडांकडे. दोन्ही हात पुढे पसरलेले, जसे कुणाचे तरी हात धरलेत. आणि तो उलटा चालायला लागला. उलटा! एक पाऊल मागे, थांबायचं. दगड चाचपायचा. पुढच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणायचा, "उजवा. आता डावा. घाई नाही. मी आहे." परत एक पाऊल.

मला वाटलं, याचं डोकं गेलं. रिटायर झालेल्या माणसाचं जातं.

मधोमध तो डुगडुगणारा दगड आला. टिपणीसचा पाय घसरला आणि तो धाडकन मागे बसला. मी वाट बघितली. तो उठेना.

मी फाटकातून गेलो. "लागलं का?"

"नाही."

"मग उठ की."

"उठतो," म्हणाला आणि बसूनच राहिला. मग दगडाकडे बघत म्हणाला, "हिला घेऊन पडलो असतो, नाना."

"कुणाला?"

"शैलाला. आणखी कुणाला?"

मी बाजूच्या दगडावर टेकलो. त्यानं खिशातून फोन काढला, बोटानं सरकवत सरकवत एक व्हिडिओ लावला आणि माझ्यापुढं धरला.

निळं पाणी. त्यात एक बाई. पाठीवर सिलिंडर, पायात रबराचे पंख. ती बाई पोवळ्याच्या झाडांवरून अशी जात होती, जशी घार. वळायची, खाली यायची, आडवी व्हायची, एका माशाच्या मागे लागायची. मधेच मागे वळून हात हलवायची, चल, चल, किती हळू! तोंडावर काच होती तरी मी ओळखलं. शैलावहिनी होत्या.

"हे मागल्या वर्षीचं," टिपणीस म्हणाला. "पाण्यात हिला गुडघेच नसतात, नाना. वजनच नसतं. घरात मी हिच्या पुढे, ही वॉकर घेऊन मागे. तिथं ही पुढे, मी मागे. तास-दीड तास. मला गाठता येत नाही हिला. वर्षभर ही त्या तासावर काढते."

"मग ने की."

"कशी नेऊ? सिलिंडर मी आधी हवा भरलेल्या जाकिटासकट पाण्यात नेऊन तरंगत ठेवतो. कमरेएवढ्या पाण्यात पोचली की पाठीवर चढवता येतं. प्रश्न काठापासून तिथपर्यंतचा. आधी तिथं मऊ वाळू होती, हात धरून न्यायचो. वादळानं वाळू नेली आणि हे आणून टाकलं." त्यानं परसातल्या दगडांवर हात फिरवला. "बोटीवर ही ओकते. आणि बोटीची शिडी चढायची कुणी? दुसऱ्या बेटांवर लाटा मोठ्या. डॉक्टर म्हणतो, पाण्यात खुशाल जाऊ दे. पाण्यापर्यंत जायचं कसं, ते डॉक्टरच्या पुस्तकात नाही."

"वहिनी काय म्हणतात?"

"त्या वादळाचे फोटो बघितले आणि म्हणाली, तुम्ही जा, मी येत नाही. मी तुमचा खोळंबा करणार नाही. हट्टी आहे. तिकीट मी दोघांचं काढलंय. तिला माहीत नाही. आधी मला जमायला हवं, मग विचारेन. जमायच्या आधी विचारलं आणि इथंच पडली, तर परत कधी हो म्हणायची नाही." तो हसल्यासारखं करायला गेला. "आणि नाना, मला जमत नाहीये. रिकाम्या हातांनी कळतच नाही, भार आला की काय होतं ते. तांदळाची पोती धरून बघितली. पोतं पाऊल टाकत नाही."

त्याच्या कोपराला खरचटलं होतं. मी म्हणालो, "घरात जा, धुऊन घे," आणि मी माझ्या घरी आलो. मला असल्या वेळी बोलता येत नाही, आणि जे येतं ते बोलू नये असं असतं.

एक गोष्ट सांगतो. मी कुणाचा हात धरत नाही. विमानतळावर चाकाची खुर्ची आणली होती, मी तिच्यावर माझी पिशवी ठेवली आणि शेजारून चालत गेलो. सचिन जिन्यावर हात पुढे करतो, तो मी झिडकारतो. माझाही उजवा गुडघा धड नाही, पण ते घरात कुणाला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या फाटकातून आत गेलो. टिपणीसचा मारियाशी फोन चालला होता. मी म्हणालो, "ठेव तो. जुने बूट असतील तर आण."

त्यानं आणले. मी घातले. घट्ट होते. दगडांच्या काठाशी उभा राहिलो आणि दोन्ही हात पुढे केले.

"ने मला. माझा उजवा गुडघा दुखतो असं समज."

त्यानं माझ्या पायाकडे बघितलं. "समजू?"

"गप चाल."

तो उलटा चालायला लागला. "उजवा. आता डावा. घाई नाही." त्याचे हात कोरडे आणि घट्ट होते. डुगडुगणाऱ्या दगडापाशी मी मुद्दाम त्याच्यावर सगळा भार टाकला, जेवढा होता तेवढा. तो हलला, वाकला, एक पाय मागे रोवला. हात सोडले नाहीत. आम्ही पलीकडे गेलो. मग परत अलीकडे आलो. तिसऱ्या वेळी त्यानं खाली बघितलंच नाही, माझ्या तोंडाकडे बघत चालला.

"जमलं," मी म्हणालो. "आता वहिनींना बोलव."

"उद्या बोलवू, नाना. अजून जरा प्रॅक्टिस—"

हा माणूस डिसेंबर उजाडेपर्यंत प्लॅनच करत बसला असता. मी त्याचे हात सोडले, मागच्या दारापाशी गेलो आणि काचेवर बोटानं टकटक केली. आत वहिनी गॅसपाशी उभ्या होत्या.

"वहिनी," मी म्हणालो, "चहा राहू द्या. तुमचे पाण्यातले बूट घाला आणि बाहेर या."