ऊ सान लिनच्या नावाचं पाणी

सिंगापुरात नळाला तोंड लावून पाणी पिणारी थिरी आईच्या घरी मात्र नळाच्या पाण्याने दातसुद्धा घासायला तयार नव्हती. किती वर्षांनी ब्रह्मदेशात, पकोक्कूला आली, तर बसमधून उतरल्या उतरल्या शुद्ध पाण्याची वीस लिटरची बाटली विकत घेऊन, सायकलरिक्षात शेजारी बसवूनच घरी पोचली. तिच्या आईने, दॉ न्वे यीने, लेकीच्या आधी त्या बाटलीला नीट न्याहाळलं.

“हे कशाला गं? घरात काय दुष्काळ पडलाय?”

“अमे, मला इथलं पाणी आता सोसायचं नाही.”

“अमे म्हणायचं आईला आणि पाणी प्यायचं परक्याचं. वा गं बाई.”

म्हातारीला हे फार लागलं, आणि त्याला कारण होतं. घरासमोर चिंचेखाली, रस्त्याच्या कडेला तिने पाण्याचे दोन माठ ठेवले होते. नवरा ऊ सान लिन वारला तेव्हापासून, त्याच्या नावाने. येणाऱ्याजाणाऱ्याने तहान भागवावी आणि पुण्य त्याला पोचावं. रोज नळाचं पाणी फडक्याने गाळून ती माठ भरायची. सगळा रस्ता ते पाणी प्यायचा आणि ऊ सान लिनची पोटची पोर तेवढी शिवत नव्हती. बापाच्या नावाचा एक घोट लेकीच्या घशाखाली उतरावा, एवढंच म्हातारीला हवं होतं. आणि लेक थोड्याच दिवसांत परत जाणार होती.

“तिकडे पितेस की नळाचं,” दॉ न्वे यीने जेवताना पुन्हा विषय काढला.

“तिकडचं तपासलेलं असतं.”

“मग मी गाळते ते काय डोळे मिटून?”

“जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, अमे.”

“दिसत नाहीत, तर तुला बरे दिसले.”

थिरीने आपल्या बाटलीतलंच पाणी ग्लासात ओतून घेतलं. शेवटी दॉ न्वे यीने आयांनाच सुचतो तसा मार्ग काढला. दुपारी थिरीचा डोळा लागला की ती कळशीभर पाणी माठातून काढायची आणि आवाज न करता त्या मोठ्या बाटलीत ओतायची. संध्याकाळी थिरी ग्लासभर पाणी पिऊन म्हणाली, “बघ, किती हलकं लागतं हे.”

“लागेल नाही तर काय,” आई म्हणाली, आणि भाताच्या पातेल्यात तोंड घालून हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माठ भरायला गेली, तर माठ काठोकाठ भरलेले. तिसऱ्या दिवशीही तेच. आदल्या दुपारी तिने स्वतः कळशी भरून नेलेली, वर दिवसभर लोक माठातून प्यायलेले, आणि तरी माठ भरलेले. म्हातारीच्या अंगावर काटा आला. तिने शेजारच्या मा फ्यूला कुंपणाशी बोलावून घेतलं.

“तेच भरतायत गं. थिरीचे बाबा. लेकीला पाणी पाजतेय ते पसंत पडलंय त्यांना.”

“कशावरून?”

“दुसरं कोण भरणार? जिवंतपणी कधी हंडा उचलला नाही या माणसाने. आता उपरती झालेली दिसतेय.”

मा फ्यूने डोळे पुसले. दॉ न्वे यीला मनापासून आनंद झाला. लेकीला फसवतेय ही जी थोडी टोचणी होती, तीही गेली. थिरी एक दिवसाआड पाण्याच्या नव्या बाटल्या मागवत होती. पण म्हातारीची कळशी काही थांबली नाही.

आणि एका सकाळी थिरी पोट धरून बसली. दुपारपर्यंत ती उभी राहीना, तेव्हा दोघी रिक्षाने दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, “पाणी कुठलं पिता?”

“फक्त बाटलीचं,” थिरी म्हणाली.

दॉ न्वे यी पुढे झाली. “बाटलीचं नाही हो. माठातलं. मीच ओतत होते रोज. माझ्या हाताने पोरीला आजारी पाडलं मी.” आणि तिला रडू आवरेना.

थिरीने आईकडे पाहिलं, आणि पोट धरूनच हसायला लागली. “अमे, माठात बाटलीचंच पाणी होतं. आल्याच्या दुसऱ्या पहाटे मी ते माठ रिकामे केले. तेव्हापासून रोज तू उठायच्या आत भरतेय. बाबांच्या नावाचं पाणी पिऊन कुणी आजारी पडलं, तर ते पुण्य कसलं?”

म्हातारी रडायची थांबली. तिने हळूच विचारलं, “म्हणजे माठ भरत होते ते तुझे बाबा नव्हते?”

थिरीचं हसू तिथेच विरलं. तिने आईचा हात धरला.

“पाण्याचं राहू द्या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “खाल्लंत काय?”

“कैऱ्या,” थिरी म्हणाली. “कोळंबीच्या चटणीत बुडवून.”

“किती?”

थिरी छताकडे बघत राहिली.

दोन दिवसांत पोट ठिकाणावर आलं. जायच्या दिवशी बॅग दाराशी ठेवून थिरी चिंचेखाली गेली. त्या सकाळी माठ आईने भरले होते, नळाच्या पाण्याने, नेहमीसारखे गाळून.

“दे अमे. बाबांच्या नावाचा एक घोट. तुझ्या हातचा.”

दॉ न्वे यीने पेला बुडवून भरला आणि पुढे केला. थिरीने हात लावला, तरी म्हातारीने पेला सोडला नाही. ती पाण्यात बघत होती. पाणी स्वच्छ होतं, आत काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

“थांब. उकळून देते,” ती म्हणाली आणि पेला घेऊन घराकडे वळली.

“आणि रस्त्यावरचे पितात, त्यांना?”

दॉ न्वे यी थबकली. समोरून एक भाजीवाली डोक्यावरची पाटी सावरत माठांकडेच येत होती.

“ते वरचं मोठं पातेलं काढ खाली,” म्हातारी म्हणाली. “तुझा हात पोचतो.”