भाऊजींचं तळं आणि तीस चादरी

भाऊजींनी ओढ्याकाठी तळं खणलं तेव्हाच छाती फुगवून सांगितलं होतं, "वहिनी, मत्स्यशेती म्हणजे फुकटचा धंदा! पाण्यात सोडायचे, मोठे झाले की काढायचे. मधे हात हलवायचा नाही!"

वहिनींची लॉन्ड्री त्याच ओढ्याच्या खालच्या अंगाला; हौदात पाणी यायचं ते ओढ्याचंच. त्या "बरं" म्हणाल्या आणि कपडे बडवत राहिल्या.

चार महिन्यांनी लॉजच्या मॅनेजरनं तीस पांढऱ्या चादरी आणून दुकानात आपटल्या. "बाई, गिऱ्हाइकं विचारतात, पलंगावर मासळी वाळवता का?"

वहिनींनी चादर हुंगली आणि तरातरा साबणवाल्याकडे गेल्या. "साबण विकता की कुजके मासे?"

बिचाऱ्यानं शपथा घेतल्या, वडी चाटूनही दाखवली! तोंडाला फेस आला, पण वास काही सापडेना.

परतताना त्यांची नजर ओढ्यावर गेली. पाणी हिरवंगार, वर बोटभर तवंग! तळपायाची आग मस्तकात गेली. कपडे बडवायचा दांडका उचलून त्या तडक वर निघाल्या.

भाऊजी तळ्याच्या बांधातली फळी उचलून काळं पाणी ओढ्यात सोडत होते.

"हे काय चाललंय?"

"पाणी बदलतोय, वहिनी. माशांना स्वच्छता लागते!"

"आणि आम्ही काय बेडूक आहोत? या पोत्यांत काय?"

"खाद्य. समुद्रातल्या बारीक मासळीचा भुगा."

"मासे आणून माशांना घालता? किती?"

"एका किलोला..." भाऊजी पुटपुटले, "दोनेक किलो."

"बायकोच्या बांगड्या मोडून तुम्ही दोन किलो मासे देता आणि एक किलो मासा घेता? हा धंदा नव्हे, भाऊजी, दानधर्म झाला! पुण्य त्यांना, घाण माझ्या हौदात!"

दांडका वर गेला आणि नेमकी वीज गेली. पाण्यात हवा सोडणारा पंप घरघरून थांबला. उन्हानं तापलेल्या तळ्यात जरा वेळानं मासे वर येऊन आ वासू लागले. भाऊजींनीही आ वासला.

"वहिनी, गुदमरताहेत! पाणी ढवळा हो, सगळे मरतील!"

रागाच्या भरात वहिनी कमरेइतक्या पाण्यात. दणादण! प्रत्येक फटका भाऊजींच्या नावाचा! तासाभरानं वीज आली. निम्मे मासे मेले. उरलेले वाचले ते निव्वळ वहिनींच्या संतापावर.

निथळत बाहेर येऊन त्यांनी फळी दाणकन बंद केली. "उद्या खड्डा खणायचा. घाण पाणी त्यात. ओढ्यात थेंब आला, तर पुढचा फटका पाण्यावर बसणार नाही! आणि त्या तीस चादरी तुमच्या विहिरीवर तुम्हीच धुवायच्या."

भाऊजींनी मुकाट्यानं खड्डा खणला. मग दोन दिवस चादरी घासल्या. हातांना फोड आले.

चादरी लॉजवर पोचल्या, तसा मॅनेजर दुकानात धावत आला. "बाई, बारा वर्षांत इतक्या पांढऱ्याशुभ्र चादरी पाहिल्या नाहीत! धुतल्या कोणी?"

वहिनींनी दातओठ खात दारात फोड फुंकत बसलेल्या भाऊजींकडे बोट दाखवलं.

"वा! मग यापुढे आमच्या लॉजचं काम यांच्याकडेच!"