केसांवर आलेलं पातेलं

नियोजनात मी कधी कमी पडत नाही. संगमनेरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे कशात काय घातलं की काय होईल हे आधी कागदावर मांडून बघायची सवय आहे. वजन कमी करायची शस्त्रक्रियासुद्धा मी तशीच केली. दिवाळीची सुट्टी, नाशिकचं हॉस्पिटल, दुर्बिणीतून ऑपरेशन, पोटावर बारीक बारीक छिद्रं आणि घरी सांगायला शिक्षकांचं प्रशिक्षण. खरी गोष्ट फक्त आमच्या ह्यांना, रविराजना माहीत होती. त्यांना मी शपथ घातली नाही, शपथेवर माझा विश्वास नाही. एवढंच म्हटलं, "घरात कळलं तर उद्यापासून गाईंच्या धारा मी काढणार." गाईंच्या काळजीने ते गप्प राहिले.

लपवायचं कारण साधं होतं. आमच्या गावात ऑपरेशन ही दुखतं म्हणून करायची गोष्ट आहे. धडधाकट बाईने जेवण कमी व्हावं म्हणून पोट कापून घेतलं, हे सासूबाईंना सांगायची माझी छाती नव्हती. "तोंडाला कुलूप घालायचं सोडून पोटाला चाकू लावला," हे त्यांचं वाक्य मला आधीच ऐकू येत होतं.

सासूबाईंना, म्हणजे राहीबाईंना, आम्ही आई म्हणतो. दसऱ्यापासून त्या मला रोज सकाळी पेलाभर कारल्याचा रस देत होत्या. दिवाळीनंतर माझं वजन भराभर उतरलं आणि त्याचं सगळं श्रेय कारल्याला गेलं. "बघा, कारल्यानं चरबी कशी झडली," असं त्या मला मधोमध उभं करून, गोल फिरवून आळीला दाखवायच्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर त्यांनी तिळगुळाबरोबर कारलीही वाटली. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे मी अकरावीच्या वर्गाला दरवर्षी शिकवते. सासूला शिकवत नाही. संसार आणि विज्ञान यांची वेळापत्रकं वेगळी असलेली बरी.

मग केस गळायला लागले.

डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळतील, काही महिने गळतील, मग परत येतील. मला तोंडपाठ होतं. तरी पहिल्यांदा मूठभर केस हातात आले तेव्हा मी न्हाणीत खाली बसले. जन्मभर माझ्या अंगातल्या ज्या एकाच गोष्टीचं 'जाड' म्हणून कौतुक झालं, ती म्हणजे माझी वेणी.

रडण्यापेक्षा मोजमाप बरं, असं मी ठरवलं. रोज गळलेले केस कागदाच्या पुडीत बांधायचे, वर तारीख घालायची, कॉलेजच्या सूक्ष्म तराजूवर वजन करायचं, ते पुडीवरच लिहायचं आणि पुडी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. पुड्यांची वजनं काही आठवडे चढणार, मग उतरायला लागणार. उतरायला लागली की आपण जिंकलो. तो उतार एकदा डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला झोप लागणार नव्हती. डबा मी कपाटावर, जुन्या गोधड्यांच्या मागे ठेवला होता. तिथे कुणी जात नाही, हे माझं निरीक्षण होतं. निरीक्षणाचा कालावधी कमी पडला.

मार्चमधल्या एका दुपारी कॉलेजातून आले, तर आई ओट्यावर बसून एक नवं कोरं स्टीलचं पातेलं पदराने पुसत होत्या.

"पंकजे, बघ काय घेतलंय."

"छान आहे. कितीला?"

"दमडी न्हाई दिली. केसांवर आलंय."

केसांवर भांडी देणाऱ्या बाया आमच्याकडे अजून दारोदार येतात. विंचरताना निघालेलं गुंतवळ घरोघरी पिशवीत साठवलेलं असतं. ते तोलून घ्यायचं आणि बदल्यात वाटी, पेला, ताटली द्यायची, असा त्यांचा व्यवहार.

"माझं चार वर्षांचं गुंतवळ हुतं," आई म्हणाल्या. "त्याला ती नुसती वाटी देत हुती. म्हनलं, थांब, आनखी कुठं हाय का बघते. गोधड्या काढल्या तर तुझा डबा. तू बी साठवतीस, मला ठावंच न्हवतं बाई. आन किती टापटीप! पुडीपुडीवर तारीख. ती म्हनली, आजी, इतक्या वर्सांत असा माल बघितला न्हाई."

मी पातेल्यात बघितलं. आत माझाच चेहरा वाकडा दिसत होता.

"झाकण?" मला दुसरं काही सुचलंच नाही.

"झाकनाला माल कमी पडला. पुढच्या खेपंला घेऊ." मग त्यांनी आवाज खाली आणला. "ती इचारीत हुती, येवढे केस एकाच बाईचे का म्हनून. मी म्हनलं, सुनंचे हायेत. तर म्हनती, आजी, सुनंला दवाखान्यात दाखवा. मी म्हनलं, तू तुजी भांडी इक."

त्या बाईने भांडी दिलीच, शिवाय दारोदार बातमीही फुकट दिली. तिचा रस्ता अकोले तालुक्याच्या बाजूने वर जातो आणि माझं माहेर त्याच रस्त्यावर आहे. तिथे माझी भावजय दिपाली चमच्यासाठी गुंतवळ घेऊन दारात आली. "संगमनेरकडं एका मास्तरीणबाईला मोठा आजार झालाय," असं तिला कळलं. "केस पुड्या बांधून ठिवती, वर तारखा घालून." दिपालीने तिथेच पायरीवर बसकण मारली. गळलेल्या केसांवर तारीख घालणारी मास्तरीण जिल्ह्यात दुसरी असणं शक्य नव्हतं.

रविवारी सकाळी दारात जीप थांबली. आधी शहाळी उतरली, मग दिपाली, मग माझा धाकटा भाऊ बन्सी. बन्सीने मला बघितलं आणि रडायलाच लागला.

"आक्का, निम्मी झालीस की गं."

"त्यासाठीच तर केलं," मी म्हणणार होते. दिपालीने मला गच्च मिठी मारली. "वन्सं, आता काय बी लपवू नका. कितवी स्टेज हाय?"

जीप बघून आळी गोळा झाली. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला रिकाम्या हाताने जात नाहीत. पाहता पाहता ओट्यावर बिस्किटांच्या पुड्यांची चवड लागली, आणि तेवढं खायला माझ्या नव्या पोटाला वर्ष पुरलं नसतं. आई गोंधळून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होत्या. घरात मोठा आजार आहे आणि आपल्यालाच पत्ता नाही, हे त्यांना पटत नव्हतं.

शेजारच्या झुंबरकाकू पुढे आल्या. त्यांनी माझा पदर डोक्यावरून मागे सारला, भांगात निरखून बघितलं आणि वळून आईंकडे बोट केलं.

"आजार न्हाई, बिजार न्हाई. ह्या राहीचं कारलं हाय. मी बी महिनाभर पितीय. माझे बी केस चाललेत."

"माझे बी," मागून कुणीतरी म्हणालं. बघता बघता सगळ्या बायकांनी आपापल्या वेण्या पुढे घेतल्या.

"मावशी," बन्सीचा आवाज चढला, "आमच्या आक्काला तुमी रोज हे पाजलं? डाक्टरला न इचारता?"

आईंच्या हातात अजून सकाळच्या रसाचा पेला होता. त्यांनी तो हळूच खांबाआड ठेवला. त्या एकदम लहान दिसायला लागल्या. सुनेला आपण विष दिलं की काय, असं त्या माझ्याकडे बघत होत्या.

नियोजन तिथेच संपलं.

"कारल्याचा काही संबंध नाही," मी म्हणाले. "मला कॅन्सरही नाही. मी दिवाळीत ऑपरेशन करून पोट लहान करून घेतलंय. त्याने केस गळतायत. परत येणार आहेत."

रविराज गोठ्याकडे निघून गेले.

"पोट ल्हान केलं," झुंबरकाकू विचार करत म्हणाल्या, "मग केस कसे गेले? केस काय पोटात हुते का?"

मी केसांच्या वाढीच्या अवस्था सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या वाक्याला एका बाईने जांभई दिली. तेवढ्यात मला कोपऱ्यात बसलेले सासरे दिसले. नानांचं अर्धं आयुष्य कालव्याच्या पाणीवाटपाची भांडणं सोडवण्यात गेलंय.

"नाना, भंडारदरा धरणात पाणी कमी असलं तर आधी कुणाला सोडतात?"

"प्यायला," नाना म्हणाले.

"मग?"

"मग जनावरं. मग उभी पिकं. कालव्याच्या तोंडाशी हेडवाल्यांचं भागतं, शेवटाला टेलला बोंब असती."

"केस म्हणजे टेलचं वावर आहे, नाना. ऑपरेशनचा दणका बसला, खाणं एकदम कमी झालं. शरीराने आधी हृदय, मेंदू, यकृताला पाणी दिलं आणि टेलचं गेट बंद केलं. पण गेट बंद केल्या दिवशी वावर सुकत नाही. थोडे दिवस जातात, मग दिसतं. दिवाळीत बंद झालेलं गेट आत्ता डोक्यावर दिसतंय."

नानांनी तंबाखू मळायची थांबवली. "मुळी जित्ती हाय का?"

"जिवंत आहे."

"मग येतंय. पान्याचं आवर्तन सुटलं की येतंय," नाना म्हणाले आणि तंबाखू तोंडात टाकली. निकाल लागला. सगळ्या माना एकदम हलल्या. बायकांनी वेण्या मागे टाकल्या. बन्सीने नाक पुसलं आणि एक शहाळं स्वतःसाठी फोडलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझा एकही धडा शंभर टक्के वर्गाला एका दमात कळलेला नव्हता.

आई मात्र माझ्याकडेच बघत होत्या. "म्हंजी वजन बी कारल्यानं न्हाई उतरलं?"

सगळी आळी ऐकत होती. खोटं बोलायचं तर हीच वेळ होती.

"नाही, आई."

त्या पदर सावरून ताठ उभ्या राहिल्या. "झुंबरे, ऐकलंस न्हवं? केस कारल्यानं गेले न्हाईत. शास्त्राच्या मास्तरनीनं सांगितलंय." एवढं बोलून त्यांनी खांबाआडचा पेला उचलला आणि सगळ्यांसमोर स्वतः पिऊन टाकला. वजनाचा विषय त्यांनी पुढे कधी काढला नाही.

गर्दी पांगल्यावर स्वयंपाकघरात म्हणाल्या, "मला सांगितलं आसतं तर आले नसते व्हय मी नाशकाला?"

"तुम्ही डबा आणला असता."

"मग?"

"मला तो खाता आला नसता."

"मी खाल्ला आसता. तुझ्याजवळ बसून."

मी नुसतीच भांडी लावत राहिले.

पुढच्या तपासणीला आई नाशिकला आल्या, डबा घेऊन. रक्तात लोह कमी निघालं. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि विचारलं, "सकाळी उठल्यावर पहिलं काय घेता?"

"कारल्याचा रस," मी म्हणाले. आई छताकडे बघायला लागल्या.

"पोटात जागा वाटीभर. त्यात रस भरलात तर प्रथिनं कुठे बसणार? आधी अंडं, पनीर, डाळ, उसळ. बाकीचं जागा उरली तर."

म्हणजे अगदी काटेकोर हिशेब करायचा तर कारल्याचा वाटा शून्य नव्हता. हे वाक्य मी त्या दिवशी गिळलं. फार जागा लागली नाही.

त्या दिवसापासून घरात आवर्तन सुरू झालं. मी भाकरीकडे हात नेला की आईंचा आवाज यायचा, "आधी टेलचं पानी." की मुकाट्याने मटकीची उसळ. कॉलेजात डबा उघडला की फोन. "अंडं खाल्लं का?" मागून नाना विचारायचे, "सुटलं का पानी?" मी पुन्हा पुड्या बांधल्या, या वेळी आईंना विचारून. पुड्यांची वजनं उतरत गेली. चढ कुठवर गेला होता ते मात्र आता मला कधीच कळणार नाही. त्या पातेल्यात आमच्याकडे दूध तापतं.

आषाढातल्या एका सकाळी आईंनी मला अंगणात पाटावर बसवलं, चष्मा लावला आणि भांगात बोट फिरवलं. मग नानांना हाक मारली. नाना आले, वाकून बघितलं, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, बांधावरून वावर बघतात तसं.

"उगवन हाय," ते म्हणाले. "इरळ हाय, पन येकसारखी."

मला पदव्या मिळाल्या आहेत, पण असं प्रमाणपत्र कधी मिळालं नव्हतं. अर्ध्या तासात झुंबरकाकूंसह सगळी आळी माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. कपाळाभोवती बोटभर केस ताठ उभे राहिले होते, हरभरा उगवावा तसे. तेल लावलं तरी बसेनात. मी ते बसवलेही नाहीत. तशीच ताठ मानेने वर्गात गेले आणि फळ्यावर तारीख घातली.

श्रावणात केसांवर भांडी देणारी बाई परत आली. मला दारात बघून दोन पावलं मागे सरली. "अगं बया, तुमी बऱ्या झाल्या?"

"झाकन काढ," आई आतून पातेलं घेऊनच आल्या. आपली पिशवी दिली, मग माझ्या नव्या पुड्या दिल्या. बाईने त्या उघडल्या. सगळ्या मिळून चिमूटभर केस निघाले.

"येवढ्यात झाकन न्हाई येत, आजी. चमचा येतो."

आईंनी चमचा बघितला, पातेलं बघितलं. मग बराच वेळ माझ्या भरत आलेल्या डोक्याकडे बघत राहिल्या.

"पंकजे," शेवटी म्हणाल्या, "तुझा त्यो डाक्टर हे ऑपरेशन दुसऱ्यांदा करतो का गं?"