सायमनमामांचा पांढरा रुमाल

गाडी कोणाचीही असो, सायमनमामा आधी तिच्या मागे उकिडवे बसत आणि सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरत. मग तो उन्हात नेऊन जोशीबुवा पत्रिका बघतात तसा बघत. रुमाल तेलकट झाला तर गाडीला 'दमा', काळा पडला तर 'भस्म्या'. श्रीरामपुरात बेलापूरच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. दोरीवर इतके रुमाल वाळत असत की नवखा माणूस लाँड्री समजून धोतर घेऊन येई. मामा तेही ठेवून घेत आणि धुऊन देत.

मी तेव्हा मिशनच्या दवाखान्यात ड्रायव्हर होतो. दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. तिथल्या परदेशी डॉक्टरसाहेबांनी आपल्या देशातून बोटीने मोटार आणली होती. तिला कार्बोरेटरच नव्हता. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं ते सीटखालची एक विजेची पेटी ठरवायची. साहेबांची ताकीद होती, मामांखेरीज इंजिनाला कोणी हात लावायचा नाही. लावला तर नोकरी गेली.

साहेब आठ दिवस रजेवर गेले आणि मला स्वच्छतेचा झटका आला. त्यांनी येऊन शाबासकी द्यावी म्हणून मी पिवळं फडकं घेऊन इंजिन तासभर घासलं. फडकं कुठंसं अडकलं, मी ओढलं, निघालं. मी पुढचं घासायला लागलो.

साहेब आल्यावर आम्ही सोनईला निघालो, तर गाडी मागे काळा धूर सोडायला लागली. गावात पोचेपर्यंत पेट्रोलच्या वासाने डोकं उठलं. परतल्यावर साहेबांनी गाडी थेट मामांकडे घ्यायला लावली.

रुमाल काळाकुट्ट झाला. "भस्म्या," मामा म्हणाले. त्यांनी प्लग काढले, तेही काजळी धरलेले. हवेची जाळी पाहिली, ती स्वच्छ होती. मग मला विचारलं, "सकाळी कशी चालती?"

"सकाळी ठीक. तापली की बिघडते."

मामा बॉनेटला कान लावून बराच वेळ उभे राहिले. "म्हंजी हिला कळंनाच की आपन तापलोय. अजून हिवात हाय समजून पितीया बापडी."

त्यांनी बोटांनी चाचपत एक बारीक वायर शोधली. इंजिन किती तापलंय ते पेटीला सांगणारी. ती निसटली होती आणि तिच्या टोकाला पिवळा धागा होता. मामांनी धागा पाहिला, माझ्या खांद्यावरचं फडकं पाहिलं, धागा खिशात टाकला आणि वायर बसवली. दुसरा रुमाल जवळजवळ पांढराच निघाला.

"कोणी काढली वायर?" साहेबांनी विचारलं.

माझी बायको तेव्हा आठव्या महिन्यात होती. हे कारण मी आजही स्वतःला देतो, आणि ते आजही पुरत नाही. मी म्हणालो, "रजेच्या आधी मामांनीच ऑईल बदललं होतं."

मामा रुमालाला हात पुसत राहिले. "व्हय साहेब. माजाच हात लागला आसंल."

साहेब रागावले नाहीत. त्यांनी मामांचे आभार मानले आणि त्यानंतर गाडी दुरुस्तीला कायम नगरला पाठवली.

आठवड्याने मी मान खाली घालून मामांकडे गेलो. ते रुमाल धूत होते. "तुम्ही खरं का सांगितलं नाही?" मी विचारलं.

"एकदा सांगितल्तं," मामा म्हणाले. "आमच्या थोरल्यानं कारखान्याची जीप धडकवली. मालकानं इचारलं, मी खरं सांगितलं. त्याची नोकरी गेली. त्यो बी गेला. सात वर्सं झाली, पत्र न्हाई." त्यांनी रुमाल पिळला. "तुजं लेकरू हुईल तवा दाखवाया आन."

साहेबांना खरं सांगायचं मी रोज ठरवत होतो. दोन वर्षांनी ते मायदेशी गेले, तरी मी ठरवतच होतो. मुलगी झाली, तिला घेऊनही मला गॅरेजची पायरी चढवली नाही.

नगरला जाताना मात्र गाडी त्याच रस्त्याने न्यावी लागे. दर वेळी मामा हातातलं काम टाकून उठत, मी पुढे गेल्यावर रस्त्यात येऊन धूर बघत आणि रुमाल हलवून सांगत, ठीक हाय, जा. मला ते आरशात दिसायचं. मी कधी हॉर्नसुद्धा वाजवला नाही.