इंगळ्यांची एकमेव चूक

भास्करराव इंगळे माणसाचं नाव नंतर विचारतात. आधी विचारतात, "पगार किती? हप्ता किती?"

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत ते माझ्या समोरच्याच दारात राहतात. मूळचे अकोल्याकडचे. स्वारगेटच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात त्यांनी तीस वर्षं हिशेब लिहिला. पुण्यात इतकी वर्षं काढूनही त्यांची भाषा बदलली नाही आणि उत्साह ओसरला नाही. इथं दोन्ही गोष्टी अवघड आहेत.

एका बारशाला पाळण्याजवळ उभं राहून त्यांनी बाळाच्या बापाला घराचा हप्ता विचारला. बाप हिंजवडीत नव्यानं नोकरीला लागलेला इंजिनियर. "वीस वर्षांचं कर्ज आहे काका," तो छाती फुगवून म्हणाला.

"हाव का! म्हणजे पोरगं कॉलेजात जाईन तवा घर तुमचं होईन. तोवर भाडेकरूच तुम्ही. मालक तेवढा बदलला."

घुगऱ्यांची वाटी घेऊन बाप गॅलरीत गेला, तो बराच वेळ आत आला नाही.

वीस-बावीस वर्षांपूर्वीचे ते दिवसच तसे होते. गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. ज्याला त्याला काहीतरी शिकायचं होतं, तेही कर्ज काढून. सोसायटीतली सगळी मुलं कर्ज घ्यावं का हे विचारायला संध्याकाळी इंगळ्यांकडे जात. इंगळे कॅलेंडरचं सरलेल्या महिन्याचं पान उलटं करत. "कोरी बाजू काहून वाया घालवायची?" मधोमध रेघ. डावीकडे निळ्या शाईत कमाई, उजवीकडे लाल शाईत कर्ज. वहिनी चिवडा देत. मग निकाल लागे, आणि तो जिन्यात ऐकू येई: "घे बाप्पा, बिनधास्त घे!" किंवा, "पळ! मागं पाहू नको!"

इंगळ्यांचा हिशेब कधी चुकत नसे. दूधवाल्यापासून चेअरमनपर्यंत सगळे तसं मानत. स्वतः इंगळेही मानत.

माझी मुलगी मंजू तेव्हा एका हॉस्पिटलच्या बिलाच्या खिडकीवर बसायची. पगार अठ्ठावीसशे. तिला आरोग्य प्रशासनाचा एक वर्षाचा सर्टिफिकेट कोर्स करायचा होता. फी तीस हजार. पतसंस्था कर्ज द्यायला तयार होती, जामीनदार म्हणून बापाची सही हवी होती.

हे ऐकून इंगळे हरखलेच. चार दिवस ते जमिनीवर नव्हते. कोर्स केलेल्यांना पगार काय मिळतो हे कळावं म्हणून ते पोटदुखीचं सोंग घेऊन एका हॉस्पिटलात गेले, वीस रुपयांचा केसपेपर काढला आणि डॉक्टरांनी पोट दाबल्यावर विचारलं, "तुमच्या इथल्या ऑफिसरले काय भेटते हो?" ते वीस रुपये त्यांनी मंजूच्या लाल शाईत धरले.

पाचव्या दिवशी ते पान फडकवत माझ्याकडे आले. मंजू कामावर होती.

"भाऊ, पाहा! आज अठ्ठावीसशे, कोर्स झाल्यावर पंचेचाळीसशे. म्हणजे सतराशे वाढले. हप्ता पंधराशे. तेवीस महिन्यांत कर्ज साफ! चोविसाव्या महिन्यापासून पोरगी राजा! लगेच सांगा तिले!"

मी म्हणालो, "सांगतो."

संध्याकाळी मंजू आली, पर्स खाली ठेवायच्या आत तिनं विचारलं, "इंगळेकाका काय म्हणाले?"

मला जामीन राहायचं नव्हतं. मुलगी उद्या लग्न होऊन जाईल आणि हप्ते माझ्या पेन्शनीतून जातील, अशी भीती होती. आणि 'मला भीती वाटते' हे मुलीला सांगायची लाजही होती. मी म्हणालो, "नको म्हणाले. कर्ज झेपणार नाही म्हणाले."

ती पर्स घेऊन तशीच आत गेली. इंगळ्यांचा हिशेब, त्याच्यावर कोण बोलणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघालेल्या मंजूला इंगळे जिन्यात भेटले. दार उघडं होतं, मी आत पेपर वाचत होतो.

"काय मॅडम, फॉर्म कधी भरता?"

"काका, नको म्हणायचं होतं तर मला समोर बसवून सांगायचं ना. बाबांकडे निरोप कशाला?"

इंगळ्यांनी उघड्या दारातून माझ्याकडे पाहिलं. मी पेपर वर केला.

"हाव," ते म्हणाले. "तसंच पायजे होतं."

दोन दिवसांनी, रविवारी सकाळी, ते कॅलेंडरचं नवंच पान घेऊन आले. आमच्याकडे पाहुणे होते, दारात चेअरमन वर्गणीची पावती फाडत होते. त्या सगळ्यांसमोर इंगळे मोठ्यानं म्हणाले, "मंजू, माफ कर बाई. हप्त्यात माझ्याकडून एक शून्य जास्त पडलं. पंधराशेचे पंधरा हजार झाले. कोर्स घे. बिनधास्त घे!"

मग चेअरमन म्हणाले, "अहो इंगळे, पंधरा हजार हप्ता? विमान घेत होती का ती?" सगळे हसले. मीही हसलो. ते हसू मला आजवर पचलेलं नाही.

आता माझ्याकडे कारण उरलं नव्हतं. मी सही केली. मंजूनं कोर्स केला, नोकरी बदलली आणि कर्ज बावीस महिन्यांत फेडलं. इंगळे अस्वस्थ झाले. "बोनस धरला नव्हता मी," असं आठवडाभर म्हणत होते. आज ती एका मोठ्या हॉस्पिटलचं प्रशासन पाहते.

इंगळ्यांचं मात्र बिनसलं. 'इंगळ्यांचं शून्य' हा सोसायटीत वाक्प्रचारच झाला. मुलं हिशेबाला येईनाशी झाली. वहिनींचा चिवडा सादळायला लागला.

यंदाच्या वार्षिक सभेत 'ऐनवेळचे विषय' आले, तेव्हा मी उठलो. वय झालंय, पुढच्या खुर्चीची पाठ धरली. म्हणालो, "त्या वेळी इंगळ्यांचा हिशेब चुकला नव्हता. खोटं मी बोललो होतो. याची इतिवृत्तात नोंद करावी."

सेक्रेटरींनी गोंधळून विचारलं, "अनुमोदन कोणाचं?"

मागच्या खुर्चीतून इंगळे ताडकन उठले. "माझा विरोध! यांचं वय झालं, यांना आठवत नाही. शून्य माझंच होतं. नोंद करायची नाही!"

पुन्हा सगळे हसले, आणि सभा पाण्याच्या टाकीकडे वळली.

जिना चढताना मी त्यांचा दंड धरला. "अहो, विरोध कशाला केलात?"

ते पायरीवर थांबले, दम घेतला.

"भाऊ, आम्हाला मूलबाळ नाही. माझ्याकडं अख्ख्या बिल्डिंगची पोरं येत होती. ती यायची थांबली, गेले दिवस कसेतरी. तुमाले एकच पोरगी. ती यायची थांबली असती तर?"

मंजू दर रविवारी येते. उद्या रविवार. इतिवृत्तात नोंद झाली नाही, म्हणून इथं केली आहे. हे कागद मी टीपॉयवर ठेवतो आहे, आणि उद्या ती वाचत असताना समोर पेपर धरणार नाही.