तेजश्रीच्या खोलीची बैठक

"चार माणसं बसल्याबिगर ठरवायचं न्हाई म्हंजी न्हाई," हौसरावांनी लेकीला बजावलं आणि लगेच फोन काढून माणसं गोळा करायला सुरुवात केली.

ठरवायचं काय होतं? खोली. तेजश्रीला आयर्लंडमध्ये एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता आणि तिथलं होस्टेल भरलं होतं. हेरून ठेवलेल्या दोन खोल्या बघता बघता दुसऱ्यांनी पळवल्या. आता उरली होती एकच, गॉलवे शहराच्या कडेला एकट्या राहणाऱ्या नोराबाईंच्या घरातली. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बाई खोली दाखवणार होत्या, आणि अर्थातच पोरगीही बघणार होत्या. हौसरावांची अट सरळ होती. राहायचा ठिकाणा पक्का झाला तर विमान, नाहीतर शिरूरचं कॉलेज आणि घरचा डबा.

"पप्पा, बाई घाबरतील हो," तेजश्री काकुळतीला आली. "मी एकटीच बोलते ना!"

"आम्ही कुठं बोलतोय? आम्ही नुसतं बसणार."

नुसती बसणारी माणसं आमच्या केंदूर गावात कुणी बघितली असतील तर सांगावं. इथं शेळी घ्यायची तरी दातांपासून खुरांपर्यंत चौघं बोलतात, आणि इथं तर पोरगी साता समुद्रापार निघालेली. संध्याकाळी हॉलमध्ये सतरंजी पडली. चुलते म्हस्कूआबा फेटा बांधून आले, थोरली आत्या सोजराबाई आली, कासुर्डीहून ईश्वरमामा मोटारसायकल हाणत आले. त्यांच्या मागोमाग भावकीतली आणखी माणसं "काय हाय, काय हाय" करत शिरली. तेजश्रीची आई प्रतिभा चहात पाणी वाढवत राहिली. सगळ्यांना लॅपटॉपच्या पाठीमागं बसवून तेजश्रीनं तोंडावर बोट ठेवलं आणि कॉल लावला.

नोराबाई बोलायला गोड निघाल्या. त्यांनी टेबल दाखवलं, पलंग दाखवला, खिडकीतून चरणाऱ्या गाई दाखवल्या. तेजश्रीचा जीव भांड्यात पडतोय तोच हौसराव कुजबुजले, "दाराला आतनं कडी हाय का, इचार." आणि राहवलं नाही म्हणून कडी बघायला स्वतःच पुढं सरकले. ते सरकले म्हणून मामा सरकले, मामांच्या खांद्यावरून आत्या डोकावली आणि शेवटी फेट्यासकट आबा मधोमध आले.

"रामराम!" आबांनी दणक्यात सुरुवात केली. "पानी किती दिसाआड येतं तिकडं?"

"थ्री फेज लाईट दिवसाची का रातीची?" मामा.

"कॉट तर एकच हाय. पोरीच्या सोबतीला कोन झोपायचं?" आत्या.

तेजश्री कुणाकुणाचं इंग्रजी करणार? बाईंची नजर एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर फिरत होती आणि चेहरे काही संपत नव्हते. "यातले राहायला किती जण येणार?" त्यांनी बिचकत विचारलं.

"मी एकटीच! हे सगळे फक्त खोली बघायला आलेत."

बाईंनी दचकून स्वतःच्या दाराकडं पाहिलं. मग काहीतरी पुटपुटल्या आणि कॉल बंद झाला.

"काय म्हनली?"

"विचार करून कळवते म्हणाल्या."

हॉलमध्ये सुतक पसरलं. कांदेपोहे खाऊन पाहुणे 'कळवतो' म्हणाले की काय समजायचं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आत्यानं कपबशी खाली ठेवली. "गेलं म्हनायचं," ती म्हणाली.

तेजश्रीला रडूच फुटलं. "दुसरी खोली न्हाई पप्पा! आता मी कुठं राहू? तुम्हीच म्हणणार, जायचं न्हाई!"

हौसराव पार हादरले. पोरगी जाणार म्हणून आत कुठंतरी काळजी होतीच, पण तिचं जाणं आपल्या हातून मोडावं, असं त्यांच्या मनात कधीच नव्हतं.

"आपली माहिती न्हाई पोचली बाईपत्तूर," मामांनी निदान केलं. "घराणं कळलं पायजे."

हौसरावांनी घाईघाईनं लेकीच्या फोनवरून बाईंना एक फोटो धाडला. पुतण्याच्या लग्नातला, मांडवातला. खाली मोबाईलकडून इंग्रजी करून घेतलं, 'ही आमची घरची माणसं. काळजी नसावी.'

तेजश्रीनं फोटो पाहिला आणि कपाळाला हात लावला. "पप्पा! ह्यात अख्खं केंदूर हाय! बाईला वाटंल एवढे सगळे येत्यात!"

फोटो बघितल्याच्या दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर काही येईना. चहा झाला, पुन्हा झाला. कुणी उठून घरीही जाईना, कारण मयताच्या घरातनं लगेच उठू नये. आणि मग लॅपटॉप वाजायला लागला.

पडद्यावर नोराबाई होत्या. पण एकट्या नव्हत्या. बाजूला बहीण, मागं टोपीवाला भाऊ, दारात शेजारीपाजारी, सगळं स्वयंपाकघर माणसांनी भरलेलं.

"फोटो मी आमच्या माणसांना दाखवला," बाई म्हणाल्या आणि तेजश्री मराठी करत गेली. "भाऊ म्हणतो, जिच्यामागं एवढी माणसं आहेत ती पोरगी माझं घर नीटच ठेवेल. पण त्यालाही आधी मुलीचं घर बघायचंय."

"बघा की!" आबा पुढं सरसावले. टोपीवाल्यानं विचारलं, पोरगी गाईंना भिते का? आबा म्हणाले, भीती कशाची, तिनं म्हशी धुतल्यात. मग दोघं दुधाच्या फॅटवर आले आणि आवरेनात. शेवटी बहिणीनं भावाला आणि आत्यानं आबांना मागं ओढलं. दाराला आतून कडी आहे, हे बाईंनी दोनदा लावून दाखवलं. खोली ठरली! मामांनी टाळी दिली, आई पदरानं डोळे पुसायला लागली.

"मग," बाईंनी हसून हौसरावांकडं पाहिलं, "पोरीला कधी पाठवताय?"

हौसरावांनी मनातली यादी चाळली. कडी झाली, पाणी झालं, विचारायचं काहीच उरलं नव्हतं. त्यांनी लेकीकडं पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले,

"घरात इचारून कळवतो."

"काय म्हणाले ते?" बाईंनी विचारलं.

प्रतिभानं चहाची किटली सतरंजीवर आदळली. "अवो, घरात इचारायला राहिलंय कोन? समदं घर हितंच बसलंय!"